तीन नामांकनं आणि एक नकार

आजचा भाग कादंबऱ्यांवर आहे, पण हा साहित्याचा तास नाही. आपण नेहमीप्रमाणे इतिहासच बघणार आहोत, फक्त या वेळी तो तीन गोष्टींच्या पुस्तकांमधून.

सुरुवात अमेरिकेतून करू. तिकडे ख्रिस्ती श्रद्धेवर आधारलेल्या कादंबऱ्यांसाठी एक पुरस्कार आहे, क्रिस्टी पुरस्कार. ख्रिस्ती पुस्तकांच्या प्रकाशकांनी मिळून तो 1999 साली सुरू केला. नाव ऐकून वाटतं की ते ख्रिस्तावरून आलं असेल, पण ते आलंय एका कादंबरीवरून. कॅथरीन मार्शल या लेखिकेची 'क्रिस्टी' 1967 मध्ये आली. एकोणीस वर्षांची एक मुलगी घर सोडून टेनेसीच्या डोंगराळ भागात शाळा शिकवायला जाते, अशी ती गोष्ट आहे आणि ती लेखिकेच्या आईच्या आयुष्यावर बेतलेली आहे. या पुरस्कारात पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी वेगळा विभाग ठेवला गेला आणि तरुण वाचकांच्या पुस्तकांसाठीही वेगळा.

हे वाचताना माझ्या डोक्यात एक प्रश्न आला. असाच पुरस्कार एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानात असता तर? 'ख्रिस्ती कादंबरी, पहिलं पुस्तक' या विभागात कुणाकुणाला नामांकन मिळालं असतं? यादी करायला बसलो तर तीन नावं आपोआप पुढे आली. कोलकाता, मुंबई आणि मद्रास. तिन्ही लेखकांचं वय तेव्हा पंचवीस-सव्वीस. म्हणजे आपल्या ऑफिसात ज्याला आपण अजून ज्युनिअर म्हणतो, त्या वयात या लोकांनी आपापल्या परीने एक नवा साहित्यप्रकार इथे उभा करायला घेतला होता.

पण आज मला फक्त 'पहिलं कोण' एवढंच सांगायचं नाहीये. या तीन पुस्तकांमधून एक गोष्ट सरकत जाते. लेखकाकडे उत्तर आधीच तयार असेल, तर पात्राला स्वतःचं काही बोलता येतं का? मला यातली सगळ्यात रंजक गोष्ट तीच वाटते.

पहिलं नामांकन: कोलकाता, 1852

हाना कॅथरीन म्युलेन्स. जन्म 1826, कोलकात्यातला. वडील आल्फोन्स लाक्रवा हे मूळचे स्वित्झर्लंडचे, लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी. मुलगी बंगालीतच वाढली, त्यामुळे ही भाषा तिला पुस्तकातून शिकावी लागली नाही. 1852 मध्ये तिचं 'फुलमणि ओ करुणार विवरण' आलं. फुलमणि आणि करुणा यांची हकिकत.

एका गावात धर्मांतरित बंगाली ख्रिस्ती कुटुंबं राहतात. गोष्ट सांगणारी बाई एका इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी. तिला दोन घरं दिसतात. फुलमणिचं घर स्वच्छ, मुलं नीटनेटकी, नवरा-बायकोत समजूत. करुणाचं घर म्हणजे भांडण, दारू पिणारा नवरा, सगळा पसारा. हळूहळू करुणा बदलते. बस, एवढंच.

यात उत्तर पहिल्या पानापासून ठरलेलं आहे. फुलमणिसारखं व्हा. त्यातून मूळ आराखडा एका इंग्रजी बोधकथेवरून घेतलेला, म्हणून बंगालीतली पहिली कादंबरी हा मान तिला द्यायचा की नाही यावर वाद आहे. बरेच जण तो मान प्यारीचंद मित्रांच्या 1858 च्या 'आलालेर घरेर दुलाल'ला देतात. ठीक आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. देव, राजा, राक्षस, अप्सरा यांच्यापैकी कुणीही या पुस्तकात नाही. गरीब बाईची चूल आहे, तिची मुलं आहेत, तिची उधारी आहे. छापील पुस्तकाचा विषय म्हणून या गोष्टी कुणी धरल्या, हेच नवीन होतं. पुढे हे पुस्तक हिंदुस्थानातल्या अनेक भाषांमध्ये गेलं.

दुसरं नामांकन: मुंबई, 1857

आता आपल्या घरात येऊ. बाबा पदमनजी. जन्म 1831, बेळगाव, कासार समाजातलं घर. शिक्षण आधी बेळगावच्या मिशन शाळेत, मग मुंबईत. मुंबईत असताना ते परमहंस सभेत जायचे. या सभेबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय कादंबरी नीट कळत नाही.

परमहंस सभा ही 1849 मध्ये सुरू झालेली गुप्त संघटना. दादोबा पांडुरंग हे तिच्यामागचं मोठं नाव. जातिभेद मानायचा नाही, हा मुख्य विचार. सभासद दार बंद करून एकत्र बसायचे आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचे. आज हसू येईल, पण त्या काळात हे बाहेर कळलं तर वाळीत पडायची वेळ. म्हणून सगळं गुपचूप. आत एक आणि बाहेर दुसरंच. शेवटी 1860 च्या सुमाराला सभासदांची नावं बाहेर फुटायची भीती निर्माण झाली आणि सभा मोडली.

बाबा पदमनजींना हे आत-बाहेर झेपलं नाही. 1854 मध्ये त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. आणि तीन वर्षांनी, 1857 मध्ये, 'यमुनापर्यटन' लिहिलं. पूर्ण नाव लांबलचक आहे: 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण'. त्यातला 'निरूपण' हा शब्द बघा. तो कीर्तनातला आहे. लेखक नव्या धर्मात गेला, नवा साहित्यप्रकार हातात घेतला, पण शब्द आला तो आपल्या देवळातूनच.

तारखाही बघून ठेवा. विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा जुलै 1856 चा. कादंबरी पुढच्याच वर्षीची. कायद्याने परवानगी दिली होती. पण परवानगी कागदावर असते आणि विधवा असते घरात, माजघराच्या अंधारात. तिला कोण विचारणार? कायद्याच्या भाषेत तिला चेहराच नव्हता.

यमुना ही मिशन शाळेत शिकलेली मुलगी. मनाने ख्रिस्ती, पण घरात कुणाला सांगितलेलं नाही. ओळखीचं वाटतंय ना? परमहंस सभेचंच दुखणं, फक्त या वेळी एका बाईच्या वाट्याला आलेलं. नवरा विनायक समजूतदार आहे. दोघं प्रवासाला निघतात आणि वाटेत त्यांना एकामागून एक विधवा भेटत जातात. प्रत्येकीची वेगळी कहाणी. केशवपन, उपास, घरातल्यांचे टोमणे, फसवणूक. इथे लेखकाने एक साधी पण विलक्षण गोष्ट केली: त्याने त्या बायकांना बोलू दिलं. हाच माणूस स्त्रीशिक्षणावर निबंधही लिहीत होता. पण निबंधात विधवा हा 'प्रश्न' असतो. कादंबरीत ती समोर बसून बोलते आणि आपण उठून जाऊ शकत नाही.

आणि मग विनायक मरतो. इतका वेळ दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकणारी यमुना स्वतः विधवा होते. जे नुसतं ऐकलं होतं, ते आता तिच्या अंगावर येतं. माझ्या मते मराठी कादंबरी खरी इथे सुरू होते. प्रवासवर्णन, बोधकथा, निरूपण, हे सगळं मागे पडतं आणि एक बाई उरते, जिच्या डोक्यावरचे केस काढायला लोक टपलेले आहेत.

पुढे काय होतं? यमुना उघडपणे ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती माणसाशी लग्न करते. म्हणजे लेखकाने दार उघडलं, पण एकच. वैधव्यातून बाहेर पडायचं असेल तर बाप्तिस्मा घ्या. हिंदू राहून पुनर्विवाह करू पाहणाऱ्या बाईला इथे रस्ता सापडत नाही. पुढे 1860 च्या दशकात विष्णुशास्त्री पंडितांसारख्या लोकांना तो रस्ता स्वतः तयार करावा लागला.

म्हणूनच आपल्याकडे 'यमुनापर्यटन'ला कुणी धर्मप्रचार म्हणून बाजूला सारलं, तर कुणी 1861 च्या, लक्ष्मणशास्त्री हळब्यांच्या 'मुक्तामाले'पासून मोजायला सुरुवात केली. मला यात थोडी गंमत वाटते. 'मुक्तामाला' ही अद्भुतरम्य, संकटं आणि योगायोगांची गोष्ट. तिला प्रचाराचा आरोप चिकटला नाही, पण रोजच्या घरातली बाईही तिच्यात तशी सापडत नाही. 'यमुनापर्यटन'चा प्रचार नजरेआड करायची गरज नाही. तो आहेच. पण त्या प्रचाराच्या पोटातच ती माणसं पहिल्यांदा दिसली, हेही तितकंच खरं आहे.

तिसरं नामांकन: मद्रास, 1887

आता तिसरं नाव. हे आपलंच आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांनी ते ऐकलेलंही नसतं. कृपाबाई सत्यनादन. माहेरचं आडनाव खिस्ती. जन्म 1862, अहमदनगर. वडील हरिपंत खिस्ती हे मुंबई इलाख्यात सुरुवातीला ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांपैकी. म्हणजे बाबा पदमनजींना जो निर्णय स्वतः घ्यावा लागला, तो कृपाबाईंच्या घरात त्यांच्या जन्माआधीच झाला होता.

मुलगी हुशार. 1878 मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाली. त्या काळात मुलीने डॉक्टरी शिकायची म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षी अभ्यासात चमकली, पण तब्येतीने साथ सोडली आणि शिक्षण थांबलं. पुढे सॅम्युएल सत्यनादन यांच्याशी लग्न झालं आणि त्या दक्षिणेतच राहिल्या. 1887-88 मध्ये 'मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन'मध्ये त्यांची 'सगुणा' क्रमशः आली. इंग्रजीत. मराठी मुलगी, इंग्रजी भाषा, मद्रासचं मासिक. मराठी साहित्याच्या इतिहासातून त्या निसटल्या त्या इथेच.

'सगुणा' बरीचशी स्वतःच्या आयुष्यावरची आहे. पण यात धर्मांतर हा शेवट नाही, सुरुवात आहे. वडील ख्रिस्ती होतात, तेव्हा आई राधा त्यांच्यामागे ओढली जाते. तिचं मन लगेच वळत नाही. ती घाबरते, तिला तिचं जुनं जग आठवत राहतं. हे लेखिका झाकत नाही. 'यमुनापर्यटन' जिथे संपतं, तिथून पुढे घरात काय होतं ते इथे दिसतं. आणि सगुणा स्वतः? तिला हवंय शिक्षण, स्वतःचं काम, बरोबरीची वागणूक. मिशनमधल्या गोऱ्या बायका नेटिव्ह मुलींशी वरून बोलतात, हेही ती स्पष्ट सांगते. लेखिका श्रद्धाळू ख्रिस्ती आहे, पण मिशनची जाहिरात करायला बसलेली नाही.

यानंतर त्यांनी दुसरी कादंबरी लिहिली, 'कमला'. पहिल्या पुस्तकाच्या विभागात ती बसत नाही, पण तिच्याशिवाय हा भाग पूर्ण होत नाही. लिहिली ती आजारपणात. 1894 मध्ये पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृपाबाई गेल्या. वय 32. 'सगुणा' पुस्तकरूपात आली ती त्यांच्या पश्चात, 1895 मध्ये.

कमला ही हिंदू मुलगी, लहानपणी लग्न झालेली. सासुरवास आहे, नवरा गणेश दुसऱ्या बाईच्या नादी लागतो, कमलाच्या पदरी दुःखामागून दुःख येतं आणि ती विधवा होते. मग रामचंदर नावाचा, तिच्यावर मनापासून प्रेम करणारा माणूस तिला लग्नाचं विचारतो. तिलाही तो आवडतो. कायदा येऊन तोवर जवळपास चाळीस वर्षं झालेली. यमुनेच्या हिशोबाने आता दार उघडायला हवं.

कमला नाही म्हणते.

ती ख्रिस्ती होत नाही. पुनर्विवाहही करत नाही. ज्या श्रद्धेत ती वाढली, तीच तिला धरून ठेवते आणि ती आपलं आयुष्य दुसऱ्यांच्या सेवेत घालवते. हा निर्णय लेखिकेला पटलेला नाही, हे निवेदनातून कळतं. त्या धर्माबद्दलची तिची टीका लपत नाही. स्वतःचे आईवडील याच बंधनातून बाहेर पडले होते, ती स्वतः डॉक्टर व्हायला निघाली होती. तरीही तिने कमलाच्या तोंडी आपलं उत्तर घातलं नाही. जी मुलगी जशी वाढली, ती तशीच वागणार, मग लेखिकेला कितीही वाईट वाटो.

बेचाळीस वर्षांचा हा प्रवास आहे. फुलमणिला लेखिकेचं उत्तर पाठ आहे. यमुना दुःखातून जाते, पण पोचते लेखकाने ठरवलेल्या जागीच. सगुणा प्रश्न विचारायला लागते. आणि कमला लेखिकेचं ऐकतच नाही. शतकाच्या सुरुवातीला हे शक्य नव्हतं. आधी कुणीतरी सामान्य बाईला पुस्तकात आणावं लागलं, मग कुणीतरी तिला बोलू द्यावं लागलं, तेव्हा कुठे ती नाही म्हणू शकली.

कृपाबाईंच्या दोन्ही कादंबऱ्या 1998 मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा छापल्या आणि आज इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी त्या अभ्यासतात. अहमदनगरच्या या मुलीचं नाव मराठी कादंबरीच्या चर्चेत मात्र क्वचितच येतं. भाषा वेगळी म्हणून. बाबा पदमनजींची भाषा मराठी, तर त्यांना प्रचारक म्हणून बाजूला ठेवलं. दोघांना शेजारी ठेवून वाचलं की कळतं, विधवेचा प्रश्न हा आधी सुधारकांच्या भाषणाचा आणि सरकारच्या कायद्याचा विषय होता. या दोघांनी तो एका बाईच्या निर्णयाचा विषय केला.

आता पुरस्काराचं. पहिल्या पुस्तकाचा मान मी बाबा पदमनजींना देईन. कच्चं आहे, उपदेश आहे, शेवट आधीच ठरलेला आहे. पण विनायक गेल्यानंतरची ती यमुना आधी मराठीत नव्हती. आणि वाचायला एकच पुस्तक निवडायचं असेल, तर 'कमला' घ्या. शेवटी तिने नाही म्हटल्यावर तुम्हाला राग येईल. रामचंदर चांगला माणूस आहे, कायदा बाजूने आहे, मग ही बाई असं का करते? तो राग येऊ द्या आणि मग विचार करा की कृपाबाईंना तो किती आला असेल.

आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या आजी-पणजीच्या कपाटात 'यमुनापर्यटन'ची जुनी प्रत असेल तर जपून ठेवा, आणि त्याआधी एकदा वाचून काढा. भेटू पुढच्या भागात.