चिमणाबापूंचें नांव

नातीचें लाडकें 'चिमणी' हेंच नांव शाळेच्या दाखल्यांतही असावें, असा माझ्या मुलाचा आग्रह आहे. त्याचा आधार आमच्या नागपूरचाच. मुधोजी भोसल्यांचे पुत्र खंडोजी १७७९ सालीं घोडदळासह कटकच्या रोखानें निघाले, ते चिमणाबापू या नांवानें. बडोद्याच्या महाराणी, माहेरच्या गजराबाई, सासरीं चिमणाबाई झाल्या; १९२७ सालीं पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेचें अध्यक्षपद त्यांनींच भूषविलें. चिमणा म्हणजे लहानगा. पण 'बापू', 'बाई' हीं आदराचीं उपपदें त्याच्या पाठीशीं उभीं असत. हजेरी घेतांना आम्ही मास्तर तीं लावीत नव्हतों. नुसतें 'चिमणी' पुकारलें असतें, तर मागच्या बाकांवर चिवचिव सुरू झाली असती. सूनबाईंस म्हटलें, घरांत चिमणीच म्हणा, दाखल्यावर दुसरें लिहा. मुलगा अद्याप रुसलेला आहे.