हजारी किती?

परभणी जिल्ह्यात येलदरी येथे पूर्णा नदीवर बांधलेले धरण १९६८ साली पूर्ण झाले. धरणाची उंची, पाणीसाठा, वीजनिर्मिती हे आकडे आपण भूगोलाच्या तासाला सांगतो. त्याच सुमाराचा आणखी एक आकडा मात्र सहसा सांगितला जात नाही. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आतच दगावत होती. यालाच अर्भक मृत्युदर म्हणतात.

ही झाली सरासरी. खेड्यांत हा दर १३८ होता, तर शहरांत ८२.

एवढा फरक का? नवजात बालकाच्या धनुर्वाताचे उदाहरण घेऊ. अस्वच्छ पात्याने नाळ कापली की या रोगाचे जंतू शरीरात शिरतात. गरोदरपणी आईला लस टोचली, तर तिच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात व त्याचे रक्षण करतात. म्हणजे उपाय ठाऊक होता, स्वस्तही होता. वस्तीवरच्या गरोदर बाईपर्यंत तो न्यायचा कोणी, हा खरा प्रश्न होता.

उत्तराचा शोध महाराष्ट्रातच सुरू झाला. १९७० साली जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने काम सुरू केले आणि पुढे गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. बाळाला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविके देणे ही कामे गावातील प्रशिक्षित स्त्रिया करू लागल्या. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांत हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. पुढे २००५ पासून ‘आशा’ कार्यकर्ती देशभर नेमल्या गेल्या, आणि २०११ पासून नवजात बालकांसाठी गृहभेटी त्यांच्या कामात आल्या.

२०२० साली देशाचा अर्भक मृत्युदर २८ होता. खेड्यांत ३१, शहरांत १९. आम्ही दोन भागाकार करून पाहिले. १३८ भागिले ८२ म्हणजे १.६८, आणि ३१ भागिले १९ म्हणजे १.६३. मृत्यू चौथ्या हिश्श्याहून कमी झाले, खेडे व शहर यांतील अंतर ५६ वरून १२ वर आले. गुणोत्तर मात्र जवळजवळ तेच राहिले. हे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे कसे, हे मुलांनाच वर्गात शोधू द्यावे.