वाजवून घेण्याची चाल

कुंभाराकडून मडके घेताना ते एका हातावर तोलून दुसऱ्या हाताने त्यावर टिचकी मारावी, आणि खणखणीत नाद उमटला तरच दाम मोजावेत, ही आपल्याकडील गृहिणींची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. आणि खजिन्यात भरणा होणारे नाणे खरे की हिणकस याचा निवाडा करणारा पोतदार ते नजरेने पारखी, तसे वाजवूनही पाही, हा मराठी राज्यातील शिरस्ता. ज्या वस्तूंचे प्रयोजन नाद हे नव्हेच, त्यांचीही किंमत जेथे नादावरून ठरे, तेथे ज्या वस्तूला नादावाचून दुसरे कार्यच नाही ते बिनतारी इअरबड आज हजार-दीड हजार रुपये मोजून, एकही स्वर न ऐकता, बंद डबीत घरी आणले जातात. ही उलटापालट कशी झाली याचा मागोवा घेताना या यंत्राचा दीडशे वर्षांच्या आतलाच, पण मोठा मनोवेधक पूर्ववृत्तान्त उलगडत जातो.

१८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत्प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेरागृहातील गायन तारांवाटे प्रदर्शनाच्या दालनात आणले. श्रोता दोन रिसीव्हर दोन कानांशी धरून उभा राही, आणि रंगमंचावर गायक डावीकडून उजवीकडे सरकला की त्याचा आवाजही कानांत तसाच सरके. पुढे १८९० मध्ये याच शोधावर एक कंपनी उभी राहिली व हॉटेलांतून नाणे टाकून चालणारी यंत्रे बसली. पन्नास सांतीमला पाच मिनिटे गाणे, असा त्यांचा दर होता. श्रोत्याने येथे यंत्र विकत घेतले नाही, घेतला तो घटकाभराचा नाद. आणि तो न आवडल्यास त्याचे नुकसान अर्ध्या फ्रँकपलीकडे जात नव्हते.

यंत्र विकत घेणारा पहिला मोठा गिऱ्हाईक ठरला तो अमेरिकेचा नौदलविभाग. यूटा प्रांतातील नॅथॅनिएल बाल्डविन याने आपल्या स्वयंपाकघरात जुळवलेला एक हेडफोन १९१० च्या सुमारास नौदलाकडे पाठवला. अधिकाऱ्यांनी तो कानांवर चढवला, क्षीण बिनतारी संकेत त्यातून किती स्पष्ट येतात ते ताडून पाहिले, आणि मगच मागणी नोंदवली. पुढे २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा त्या केंद्राची शक्ती दीड किलोवॅट व पल्ला सुमारे तीस मैलांचा होता, आणि वार्षिक परवान्याचे दहा रुपये भरून स्फटिक-संचावर ऐकणाऱ्यास हेडफोनवाचून गत्यंतर नव्हते. स्फटिकाच्या नेमक्या बिंदूवर तारेचे टोक टेकवून ध्वनी शोधणे, हे त्या श्रोत्याचे नित्यकर्म. त्यामुळे आपल्या यंत्राचा गुणदोष त्याला ठाऊक नसणे संभवतच नसे.

१ जुलै १९७९ रोजी जपानात सोनीचा वॉकमन तेहतीस हजार येन किमतीस आला. त्यासोबतचे हेडफोन जेमतेम पन्नास ग्रॅमांचे होते. त्यापूर्वीचे तीनचारशे ग्रॅम भरत. ध्वनिमुद्रण न करणारे यंत्र कोण घेणार, ही शंका व्यापाऱ्यांच्या मनात प्रबळ होती. तेव्हा कंपनीची माणसे ते यंत्र घेऊन टोकियोच्या रस्त्यांवर फिरली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कानांवर हेडफोन ठेवत गेली. जाहिरातीचा एवढा सरळ मार्ग क्वचितच कोणी अवलंबिला असेल. आमच्या लहानपणी मुंबईच्या पदपथावरचा विक्रेताही हेच करी. तारेचा इअरफोन आपल्या रेडिओत खोचून तो पुढे धरी, आणि दोन्ही बाजू वाजतात याची खातरी झाल्यावरच घासाघीस सुरू होई.

बिनतारी जोडांचे युग मात्र निराळ्या वाटेने आले. डिसेंबर २०१६ मध्ये अ‍ॅपलचे एअरपॉड्स विक्रीस निघाले, तेव्हा हिंदुस्थानात त्यांची किंमत १५,४०० रुपये होती. मार्च २०१९ मध्ये चीनमध्ये रेडमीचा जोड ९९.९ युआनला निघाला, आणि मे २०२० मध्ये आपल्याकडे त्याच घराण्याचा जोड १,७९९ रुपयांना मिळू लागला. साडेतीन वर्षांत किंमत आठव्या हिश्शाहून किंचित खाली आली, ती ध्वनी निर्माण करणारा भाग स्वस्त झाला म्हणून नव्हे. चुंबक, तारेचे वेटोळे आणि पातळ पडदा यांची विद्या जुनीच. १९३७ साली बायर कंपनीने बर्लिनमध्ये काढलेल्या हेडफोनचेही तत्त्व तेच. खरी अडचण होती ती तारेविना दोन कानांचा मेळ घालण्याची. आरंभीच्या बहुतेक जोडांत फोनकडून येणारा ध्वनी प्रथम एका कानातील यंत्र घेई व ते दुसऱ्याकडे पाठवी; पण मध्ये मनुष्याचे मस्तक, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातील जलांश शोषून घेतो, त्यामुळे एक बाजू वारंवार मुकी होई. दोन्ही बाजूंना फोनचा ध्वनी स्वतंत्रपणे ग्रहण करता येईल अशा चिप तैवान व चीनमधील कारखान्यांनी अल्प मोलात काढल्या, आणि ते कोडे सुटताच शेन्‌झेनच्या पेठेतून जोडांचा पूर लोटला.

आता ज्या चिपने जोड स्वस्त केले, तिने त्यांचा स्वर सुधारला काय? जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये कानावरचे व कानातले मिळून २८३ हेडफोन मोजून पाहिले, तेव्हा यंत्राचा ध्वनिप्रतिसाद आणि त्याची किंमत यांत संबंध आढळला नाही. याचे कारण मला असे दिसते की, स्वर जुळवण्यास लागतो तो महाग माल नव्हे, तर जाणता कान आणि चिकाटी. मोकळ्या कानाची नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी स्वभावतःच बुलंद करते. तिचे तोंड इअरबडने बुजले की ही नैसर्गिक वाढ बिघडते, आणि तिची भरपाई यंत्राच्या जुळणीतच करावी लागते. ती किती करावी हे ठरवण्यासाठी कृत्रिम कान निघाले, १९७२ मध्ये तसे कान बसवलेला केमार नावाचा पुतळा निघाला, आणि पुढे शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांची पसंती अजमावून एक आदर्श वक्र आखला. पोतदाराचे काम असे पुतळ्याकडे गेले. पण स्वस्त जोडांच्या डबीवर त्याचा निवाडा छापलेला नसतो. तेथे असते '२० ते २०,००० हर्ट्झ', ज्यात कोणता स्वर किती उणाअधिक हे सांगितलेले नसल्यामुळे बोध काहीच होत नाही. आणि असतात पडद्याचे मिलिमीटर, जणू परातीच्या व्यासावरून स्वयंपाकाची चव कळावी.

म्हणून मी जुनीच चाल चालवतो. नवा जोड आला की प्रथम कानाच्या मापाची रबरी टोपी निवडतो, कारण तेथे फट राहिली की खर्ज निसटतो व दोष विनाकारण यंत्राच्या माथी बसतो. मग एकट्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावतो. जवारी नीट लागलेल्या तारेतून जे सूक्ष्म स्वरांचे मोहोळ उठते, ते ऐकू यावे. नंतर ख्यालाची बैठक लावावी, आणि डग्ग्याची घुमार तंबोऱ्यावर चढून बसते काय ते पाहावे. बहुतेक स्वस्त जोड येथेच उघडे पडतात, कारण बाजारात क्षणभर भुरळ घालावी म्हणून त्यांचा खर्ज मुद्दाम फुगवलेला असतो. अखेरीस निवेदकाचे बोलणे मंद आवाजात ऐकावे. 'स' आणि 'श' टोचतात की वेगळे उमगतात, हे तेथे कळते.

मोलाचा हिशेब याहून वेगळा मांडावा लागतो. तारेचा इअरफोन तुटला तर डाख देऊन जोडता येई. येथे चिमुकली बॅटरी आतच बंदिस्त, आणि काही शे वेळा भरली-रिकामी झाली की तिची धारणाशक्ती ओसरते. तेव्हा दीड हजारांचा जोड दोन वर्षे टिकला तर वर्षाचे साडेसातशे पडले असे धरून मी चालतो.

मागल्या वर्षी दोन जोड मागवले. एक बाराशेचा, दुसरा त्याच्या दुप्पट मोलाचा. परतीची मुदत संपण्याच्या आदल्या रात्री घरातील दिवे मालवून दोन्हींतून तोच तंबोरा आळीपाळीने ऐकला. महागड्यात खर्जाची तार जाड दोरीसारखी घुमत होती, आणि पंचम तिच्याखाली बुडाला होता. स्वस्तात चारही तारा वेगवेगळ्या मोजता आल्या. सकाळी महागडी डबी परत धाडली.