डिकीत दडलेला बेस: एका बंद खोक्याची गोष्ट

नगर-मनमाड रोडवर शेजारून स्कॉर्पिओ जाते, आपल्या काचा थरथरतात, पण तिच्यात डोकावलं तर सबवूफर दिसतच नाही. तो असतो डिकीच्या साइड पॅनलमागे, फायबरग्लासच्या बॉक्समध्ये. हे जमलं कसं?

पूर्वी खोल बेस हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची. 1954 मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी एआर-1 स्पीकर आणला. युक्ती साधी: कोन सैल बसवायचा, पेटी हवाबंद करायची आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग बनवायचं. पेटी लहान झाली. बदल्यात अ‍ॅम्प्लिफायर दमदार लागू लागला.

1961 मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी पेटीचं गणित मांडलं, 1970 च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. सबवूफरच्या कागदावरचे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे आकडे त्यांचेच.

आणि लपवता का येतो? 40 हर्ट्झची लाट साधारण साडेआठ मीटर लांब, म्हणजे गाडीपेक्षा मोठी. आवाज कुठून येतोय, कानाला कळत नाही.

पण जागेसाठी लिटर चोरले की हवेची स्प्रिंग कडक होते. खोल बेस जातो, उरते नुसती धबधब. व्हीआरडीईच्या नगरला गाड्यांचं गणित नवं नाही. म्हणून रंग, लाइट नंतर, आधी विचारा, "दादा, बॉक्स किती लिटरचा? आणि जॅक निघेल ना?"