घरातल्या माणसाचा उपरोध

भक्तिपर संगीत हे स्थितिवादीच असणार, असा समज आपल्या समीक्षेत बराच रूढ आहे. अमेरिकेतील ख्रिस्ती रॉक संगीताचा इतिहास पाहता तो तपासून घ्यावा लागतो, असे आम्हाला वाटते.

या परंपरेच्या आरंभी लॅरी नॉर्मन (१९४७-२००८) उभा आहे. 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' या त्याच्या १९७२च्या ध्वनिमुद्रिकेत तारणाचा संदेश आहेच. पण तीतील 'द ग्रेट अमेरिकन नॉव्हेल' हे गीत वर्णद्वेष, व्हिएतनाम युद्ध आणि भुकेल्यांना डावलून चंद्रमोहिमेवर झालेला खर्च यांचा जाब विचारते. शिकागोच्या 'रेझरेक्शन बँड'ने १९७९मध्ये 'आफ्रिकान्स' या गीतातून दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचा निषेध केला.

ही टीका राष्ट्रांवर होती. स्टीव्ह टेलरने ती स्वतःच्या धर्मबांधवांकडे वळवली. बॉब जोन्स विद्यापीठात भिन्नवर्णीय तरुण-तरुणींच्या प्रेमसंबंधांना बंदी होती. वर्णभेदी धोरणापायी या संस्थेला करसवलत नाकारण्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३मध्ये उचलून धरला. पुढच्याच वर्षी 'मेल्टडाउन' या ध्वनिमुद्रिकेत टेलरने या बंदीवर उपहासगीत गायिले. बंदी उठली ती मात्र २००० साली.

टेलरची खरी कसोटी १९८७मध्ये लागली. गर्भपात केंद्रांवर बाँब टाकणाऱ्यांची खिल्ली उडविण्यासाठी त्याने एका गीताचा निवेदक केला आइस्क्रीम विक्रेत्याला. मुले जन्मलीच नाहीत तर उद्याचे गिऱ्हाईक कुठून येणार, या चिंतेने तो केंद्रच उडवून देतो! टेलर स्वतः गर्भपाताच्या विरोधात होता. त्याचा आक्षेप हिंसेवर होता. तरीही काही श्रोत्यांनी निवेदकाचे बोल कवीचेच मानले, आणि काही ख्रिस्ती दुकानांनी ती ध्वनिमुद्रिका विक्रीतून काढून टाकली.

निवेदक आणि कवी यांतील अंतर ही आपण वर्गात शिकवतो ती प्राथमिक गोष्ट. येथे ते अंतर न उमगल्याची किंमत कलावंताला मोजावी लागली. बाहेरच्याची टीका शत्रूची म्हणून झटकता येते. त्याच प्रार्थनेला बसणाऱ्याची टीका झटकता येत नाही. म्हणूनच, आमच्या मते, तिचा अर्थ समजून घेण्यापेक्षा ती दुकानातून काढून टाकणे अधिक सोपे वाटले असावे.