सोलापूर : ग्रामनामाची व्युत्पत्ती आणि उच्चारखंडांचा पुरावा

सोलापूर हे नाव सोळा गावांवरून पडले, असे सर्रास सांगितले जाते. शिलालेखांचा पुरावा मात्र या समजुतीस अनुकूल नाही. बाराव्या शतकात, शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या काळी, हे स्थान ‘सोन्नलिगे’ म्हणून ओळखले जाई. मोहोळ तालुक्यातील कामती येथे सापडलेल्या शके १२३८ (इ. स. १३१६) च्या संस्कृत लेखात ‘सोनलीपूर’, तर सोलापूरच्या किल्ल्यातील लेखांत ‘सोनलपूर’ व ‘संदलपूर’ ही रूपे आढळतात. ‘सोनलपूर’मधील ‘न’ लोपून आजचे नाव सिद्ध झाले, असे मानले जाते. हा लोप का व्हावा, याचा विचार प्रस्तुत लेखात उच्चाराच्या अंगाने केला आहे.

डच किंवा जर्मन भाषेत लांबलचक समासाचा मुख्य आघात सहसा पहिल्या पदावर पडतो. मराठीतील आघात सौम्य असून तो गुरू खंडाकडे झुकतो आणि मधला आघातहीन ‘अ’ उच्चारातून गळतो. ‘सोनलीपूर’ लिहिताना अक्षरे पाच. उच्चारताना खंड तीनच : सोन्–ली–पूर. येथे ‘न्’ थेट ‘ल’ला भिडतो आणि त्यात विरून ‘ल्ल’ होणे स्वाभाविक ठरते. कन्नडमध्ये आजही ‘सोल्लापुर’ असे द्वित्वयुक्त रूप आहे, ही गोष्ट या तर्कास बळ देते. उलट, ‘सोळा’तील ‘ळ’ मराठी माणसाच्या तोंडी ‘ल’ का व्हावा, याचे समाधानकारक उत्तर सोळा गावांच्या कथेत नाही. दख्खनी बोलीत मात्र सोळास ‘सोला’च म्हणतात, ही कथा त्या बोलीच्या आधारे मागाहून जुळविली गेली असावी.

उत्तरपदाची कथाही उद्बोधक आहे. संस्कृत ‘पुर’मधील उकार ऱ्हस्व. मराठीत अंत्य ‘अ’ अनुच्चारित राहतो, खंड व्यंजनान्त होतो आणि उकार लांबतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ग्रामनामांतील ‘पूर’ दीर्घ ठरविला, तो या उच्चारास धरूनच. प्रत्यय लागून खंड मोकळा झाला की उकार पुन्हा ऱ्हस्व होतो : सो–ला–पु–री चादर, सो–ला–पु–रात. ‘सोलापूरकर’मध्ये मात्र ‘कर’पूर्वी ‘पूर’ हा खंड अखंड राहत असल्याने दीर्घत्व टिकते. कन्नडच्या प्रमाण उच्चारात अंत्य ‘अ’ टिकतो. म्हणून तेथे ‘पु–र’ असे दोन खंड पडतात आणि उकार ऱ्हस्वच राहतो.