विश्लेषण : सीरियाच्या असद घराण्यात भाऊ, मेहुणा आणि मामेभाऊ काय करत होते?

३० एप्रिल २०२० च्या रात्री सीरियातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एकाने फेसबुकवर एक व्हिडीओ टाकला. रामी मखलूफ त्याचं नाव. देशातली सर्वांत मोठी मोबाइल कंपनी 'सिरियाटेल' त्याची. आयुष्यभर कॅमेऱ्यापासून लांब राहिलेला हा माणूस जमिनीवर बसून, हळू आवाजात राष्ट्राध्यक्षांना विनवणी करत होता : सरकार माझ्याकडून अवाच्या सवा पैसे मागतंय, लक्ष घाला. काही दिवसांनी दुसरा व्हिडीओ आला. आता तक्रार अशी होती की सुरक्षा यंत्रणा माझ्या कर्मचाऱ्यांना उचलून नेताहेत. युद्धाच्या काळात ज्या यंत्रणांना मीच सर्वांत जास्त पोसलं, त्याच माझ्या दारात आल्या आहेत.

राष्ट्राध्यक्ष होते बशर अल-असद. रामी त्यांचा सख्खा मामेभाऊ.

मग घरातल्या माणसाला राष्ट्राध्यक्षांशी फेसबुकवरून का बोलावं लागलं? हे समजून घ्यायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

हाफिज, रिफात आणि १९८४ चे रणगाडे

बशर यांचे वडील हाफिज अल-असद हवाई दलातले अधिकारी. लताकियाजवळच्या डोंगरातलं करदाहा हे त्यांचं गाव. ते अलावी पंथाचे. सीरियात हा पंथ लोकसंख्येच्या साधारण दहा-बारा टक्के. नोव्हेंबर १९७० मध्ये त्यांनी सत्ता घेतली. त्याआधीच्या वीस वर्षांत सीरियाने इतकी लष्करी बंडं पाहिली होती की दमास्कसमध्ये रणगाडे दिसले म्हणजे सरकार बदललं, असं लोक धरूनच चालत. स्वतः बंडातून वर आलेल्या हाफिज यांच्यापुढे प्रश्न उघड होता. आपल्याला वाचवायला हातात बंदूक असलेली माणसं तर हवीत, पण तीच बंदूक आपल्यावर रोखली गेली तर?

अशा राजवटींचं ठरलेलं उत्तर म्हणजे नातेवाईक. यात प्रेमाचा भाग असतो, पण मुख्य हिशेब वेगळा असतो. बाहेरचा सेनापती उद्याच्या सरकारशीही जुळवून घेऊ शकतो. ज्याचं आडनावच असद आहे, त्याला ती सोय नाही. राजवट बुडाली की तोही बुडतो. म्हणून तो निष्ठावान.

हाफिज यांनी धाकटा भाऊ रिफात याला राजधानीच्या रक्षणासाठी 'संरक्षण तुकड्या' नावाचं स्वतंत्र दल उभारू दिलं. त्याला चांगली शस्त्रं होती, जवान बहुतेक अलावी. फेब्रुवारी १९८२ मध्ये हमा शहरातला मुस्लिम ब्रदरहूडचा उठाव चिरडण्यात हे दल आघाडीवर होतं. तिथे किती माणसं मेली याचे अंदाज दहा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत जातात.

नोव्हेंबर १९८३ मध्ये हाफिज हृदयविकाराने आजारी पडले. देश चालवायला त्यांनी एक समिती नेमली आणि तिच्यात रिफातचं नाव घातलं नाही. भाऊबंदकी हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. पुढच्या काही महिन्यांत रिफातच्या बाजूचे आणि हाफिज यांच्या बाजूचे सैनिक दमास्कसच्या रस्त्यांवर समोरासमोर उभे राहिले. हाफिज यांचे चरित्रकार पॅट्रिक सील यांनी लिहिलं आहे की शेवटी राष्ट्राध्यक्ष स्वतः भावाच्या घरी गेले आणि घरात आई असताना हा सामना मिटला. त्याआधीच रिफातला उपराष्ट्राध्यक्ष करून दल त्याच्या हातून सोडवायची तयारी झाली होती. मे १९८४ मध्ये तो एका शिष्टमंडळासोबत विमानाने मॉस्कोला गेला आणि तिथून युरोपात स्थायिक झाला. उपराष्ट्राध्यक्ष हे बिरुद मात्र १९९८ पर्यंत त्याच्याच नावावर होतं. भावाला हद्दपार करता येतं, पण गुन्हेगार ठरवता येत नाही.

यातून दोन गोष्टी दिसतात. राष्ट्राध्यक्षाच्या जागी बसण्याचा दावा सर्वांत सहज करू शकतो तो सख्खा भाऊच. रक्त तेच, नाव तेच, आणि हाताशी सैन्यही. दुसरं म्हणजे त्या वेळी हाफिज टिकले ते घराबाहेरच्या माणसांमुळेसुद्धा. विशेष दलांचे प्रमुख अली हैदर यांच्यासारखे अधिकारी रिफातच्या विरोधात उभे राहिले. संरक्षणमंत्री मुस्तफा तलास तर सुन्नी होते आणि तब्बल तीस वर्षं त्या पदावर राहिले. हाफिज यांच्या दरबारात घरच्यांना मान होता, पण त्यांच्याभोवती बाहेरच्यांची फळीही होती.

नेत्रतज्ज्ञ मुलगा गादीवर कसा आला?

वारस ठरला होता थोरला मुलगा बासिल. २१ जानेवारी १९९४ रोजी दमास्कस विमानतळाच्या रस्त्यावर त्याच्या गाडीला अपघात झाला आणि तो गेला. लंडनमध्ये नेत्रविकारांचं शिक्षण घेणाऱ्या बशरला परत बोलावण्यात आलं. १० जून २००० रोजी हाफिज वारले. राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाचं वय किमान चाळीस हवं होतं. संसदेने त्याच दिवशी घटना दुरुस्त करून ते चौतीसवर आणलं. बशर तेव्हा चौतीस वर्षांचे होते.

त्यांच्याभोवतीच्या माणसांबद्दल वाचताना इंग्रजी बातम्यांत सगळेच 'कझिन' असतात. मराठीत नातं नेमकं सांगता येतं आणि इथे ते सांगणं गरजेचंही आहे.

सख्खा भाऊ माहेर याच्याकडे लष्कराची चौथी डिव्हिजन. कागदोपत्री तो सर्वोच्च पदावर नसला तरी तिचा खरा धनी तोच, असं सगळे मानत. बहीण बुश्रा हिचा नवरा, म्हणजे मेहुणा आसिफ शौकत, याच्याकडे २००५ पासून लष्करी गुप्तहेर खातं. बासिलला हा माणूस जावई म्हणून पसंत नव्हता. बासिलच्या मृत्यूनंतरच हे लग्न होऊ शकलं. १९९९ मध्ये घरातल्या वादात माहेरने शौकतच्या पोटात गोळी घातली, असं सांगितलं जातं. तरीही पुढे दोघं एकाच राजवटीची दोन टोकं सांभाळत राहिले.

आईकडचं घराणं मखलूफांचं. बशर यांच्या आई अनिसा यांचे भाऊ मोहम्मद यांच्याकडे एकेकाळी सरकारी तंबाखू महामंडळ होतं. त्यांचा मुलगा रामी मोबाइल, सीमेवरची करमुक्त दुकानं, बांधकाम, बँका अशा सगळ्यांत होता. दुसरा मुलगा हाफिज मखलूफ दमास्कसमधल्या गुप्तचर विभागाचा प्रमुख. अनिसा यांच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे बशर यांचा मावसभाऊ, आतेफ नजीब. हा दक्षिणेकडच्या दारा शहरात राजकीय सुरक्षा खात्याचा प्रमुख होता.

या वाटणीत एक शहाणपण दिसतं. मुख्य फौज असद नावाच्या भावाकडे आणि तिजोरी मामाच्या घरी. मखलूफ कितीही श्रीमंत झाले तरी त्यांचं आडनाव मखलूफच राहणार होतं, गादीवर दावा सांगता येणार नव्हता. ज्याला राजा होता येत नाही, त्याच्याकडे किल्ल्या देणं सोपं असतं.

त्याची किंमत देश मोजत होता. खासदार रियाद सैफ यांनी २००१ मध्ये मोबाइल कंत्राटांमुळे सरकारी तिजोरीचं किती नुकसान होतंय हे संसदेत मांडलं. त्याच वर्षी त्यांना अटक झाली आणि पुढे पाच वर्षांची शिक्षा. त्या काळात राजवट थोडीफार सैल होईल अशी आशा बाळगणाऱ्यांची ही पहिली निराशा. जुन्या पिढीतले बाहेरचे लोकही हळूहळू गळाले. अनेक वर्षं उपराष्ट्राध्यक्ष राहिलेले अब्दुल हलीम खद्दाम २००५ मध्ये पॅरिसमधून उघड विरोधात गेले. वर्तुळ लहान होत होतं.

दारा, मार्च २०११

माझ्या मते या सगळ्या कहाणीतला निर्णायक महिना हाच.

अरब देशांत उठाव सुरू होते. दारामधल्या शाळकरी मुलांनी भिंतीवर लिहिलं की आता डॉक्टर, तुमची पाळी. डॉक्टर म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. मुलांना पकडून नेलं, मारहाण झाली. पकडणारं खातं आतेफ नजीबचं. सोडवायला गेलेल्या वडीलधाऱ्यांना अपमान करून परत पाठवलं, असं शहरातले लोक सांगत आले आहेत. १८ मार्चला लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली.

दोन दिवसांनी जमावाने जाळलेल्या इमारती पाहा : बाथ पक्षाचं कार्यालय, न्यायालय आणि सिरियाटेलची शाखा. मोबाइल कंपनीने तिथे कुणाला मारलं नव्हतं. पण मुलांना उचलणारा मावसभाऊ आणि दर महिन्याला बिल घेणारा मामेभाऊ एकाच घरचे आहेत, हे दारातल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवसांत दाराची मागणी सरकार उलथवण्याची नव्हती. मुलं सोडा आणि नजीबला शिक्षा करा, एवढंच होतं. हाच अधिकारी जर कुठल्या तरी लांबच्या गावचा, कुणाचाही कोणी नसलेला असता, तर राष्ट्राध्यक्षांनी त्याला एका दिवसात तुरुंगात टाकून टाळ्या मिळवल्या असत्या. हुकूमशहांचा हा नेहमीचा उपाय असतो. प्रांताच्या गव्हर्नरला त्यांनी काढलंही. नजीबला जागेवरून हलवलं, चौकशीची घोषणा झाली, परदेश प्रवासावर बंदी आली, पण खटला उभा राहिला नाही. ३० मार्चला बशर संसदेत बोलले ते परकीय कटाबद्दल. मावशीच्या मुलावर हात टाकला तर आईच्या घरचे काय म्हणतील, आणि एकाला सोडलं तर उरलेले आपल्याला का धरून राहतील, असा तो पेच होता. नात्यावर बांधलेल्या राजवटीत माणूस नेमणं सोपं, काढणं जवळजवळ अशक्य.

त्यानंतरच्या युद्धात सुमारे पाच लाख किंवा त्याहून जास्त माणसं मेली आणि देशाच्या निम्म्या लोकसंख्येला घर सोडावं लागलं. एवढ्या विनाशाला एकटा मावसभाऊ कारण होता असं कुणी म्हणणार नाही. दुष्काळ, बेरोजगारी, पंथांमधला अविश्वास, इराण, रशिया, आखाती देश हे सगळं त्यात आहे. पण आग विझवायची पहिली आणि सर्वांत स्वस्त संधी घरच्या माणसाला वाचवण्यात गेली.

शेजारच्या इराकमध्येही हेच चित्र होतं, फक्त तिथे घरातला माणूस उघडपणे फुटला. सद्दाम हुसेन यांचा जावई हुसेन कामेल शस्त्रनिर्मितीचं खातं सांभाळायचा. सद्दामचा मुलगा उदय याच्याशी वैर वाढल्यावर ऑगस्ट १९९५ मध्ये तो भाऊ आणि दोघांच्या बायका, म्हणजे सद्दामच्या दोन मुली, यांना घेऊन जॉर्डनला पळाला. तिथे त्याने संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना शस्त्रांची माहिती दिली. माफीच्या आश्वासनावर फेब्रुवारी १९९६ मध्ये तो परतला. मुलींचा घटस्फोट झाला आणि काही दिवसांतच दोन्ही जावयांना ठार मारण्यात आलं.

मग मामेभाऊ नकोसा का झाला?

१८ जुलै २०१२ रोजी दमास्कसमध्ये राष्ट्रीय सुरक्षा मुख्यालयात स्फोट झाला. त्यात संरक्षणमंत्र्यांसह मेहुणा शौकत मारला गेला. बहीण बुश्रा देश सोडून आखातात गेली. २०१४ मध्ये हाफिज मखलूफचं पद गेलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये आई अनिसा वारल्या. घरातल्या दोन बाजूंना बांधून ठेवणारी गाठ म्हणजे ही आई होती, असं अनेक अभ्यासक मानतात.

दरम्यान तिजोरी रिकामी झाली. निर्बंध, युद्धाचा खर्च आणि २०१९ पासून लेबनॉनमधल्या बँका कोसळल्याने अडकलेला पैसा, यामुळे सरकारला रोकड हवी होती. ती मामाच्या घरी होती. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी अस्मा यांच्या जवळच्या लोकांचा अर्थव्यवस्थेत वावर वाढत होता. म्हणजे आईच्या माहेरची जागा बायकोच्या गोटाने घ्यायला सुरुवात केली होती. सिरियाटेलकडे १३० अब्जांहून जास्त सीरियन पौंडांची मागणी झाली. रामीचे व्हिडीओ आले, मालमत्ता गोठवली गेली, कंपनीवर न्यायालयाने प्रशासक बसवला. मात्र रामीला ठार मारलं नाही की त्याच्यावर मोठा खटलाही चालवला नाही. १९८४ मधल्या काकाची आठवण यावी असाच हा प्रकार.

या भांडणात रामीचा धाकटा भाऊ इहाब याने सिरियाटेलचं उपाध्यक्षपद सोडलं आणि आपली निष्ठा राष्ट्राध्यक्षांशी असल्याचं जाहीर केलं. सख्ख्या भावाला सोडून त्याने आतेभाऊ निवडला.

डिसेंबर २०२४

२७ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तरेकडून बंडखोरांची चढाई सुरू झाली. काही दिवसांत अलेप्पो पडलं, ५ डिसेंबरला हमा, मग होम्स. माहेरच्या चौथ्या डिव्हिजनवर वर्षानुवर्षं आरोप होते की ती नाक्यांवर वसुली करते आणि कॅप्टागॉन या अमली गोळ्यांच्या व्यापारात सामील आहे. साध्या शिपायाच्या पगारात मात्र घर चालत नव्हतं. ४ डिसेंबरला, म्हणजे सगळं हातातून जात असताना, बशर यांनी सैनिकांच्या पगारात ५० टक्के वाढीचा हुकूम काढला. लढायला फारसं कुणी उरलं नव्हतं.

८ डिसेंबरच्या पहाटे बशर दमास्कसहून विमानाने लताकियाजवळच्या रशियन तळावर आणि तिथून मॉस्कोला गेले. 'रॉयटर्स'च्या वृत्तानुसार त्यांनी सख्खा भाऊ माहेर यालाही आधी सांगितलं नाही. तो हेलिकॉप्टरने इराकमार्गे निघाला. मामेभाऊ इहाब आणि इयाद दमास्कसमध्येच राहिले होते. त्याच वृत्तानुसार ते गाडीने लेबनॉनकडे निघाले असताना वाटेत बंडखोरांनी त्यांना गाठलं. इहाब मारला गेला, इयाद जखमी झाला.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस नव्या सरकारच्या सुरक्षा दलांनी लताकिया भागातून एका माणसाला अटक केली. तो होता आतेफ नजीब. दाराने ही अटक मागितली होती त्याला चौदा वर्षं होत आली होती.